सोलापूरच्या नगरसंस्कृतीचे नूतनीकरण : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रविवारच्या वारसाफेरीत, शाळांमधील गप्पांत आणि नंतर आलेल्या निरोपांत जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले जातात, त्यांची उत्तरे येथे एकत्र केली आहेत. प्रश्न शक्यतो विचारणाऱ्यांच्याच शब्दांत ठेवले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. एखादा मुद्दा दुसरीकडे सविस्तर आला असेल तर तेथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. नगरसंस्कृतीचे नूतनीकरण म्हणजे नेमके काय? आणखी एखादा महोत्सव सुरू करायचा का?

नाही. सोलापुरात उत्सवांची उणीव कधीच नव्हती. जानेवारीत ग्रामदैवत सिद्धेश्वरांची यात्रा म्हणजे गड्डा, मोहरमचे पंजे, आषाढी वारीच्या वाटेवर शहरात मुक्कामाला येणारी शेगावच्या गजानन महाराजांची पालखी, नारळी पौर्णिमेचा मार्कंडेय रथोत्सव, गणेशोत्सव, रूपाभवानीचे नवरात्र आणि कोजागिरीला तुळजापूरकडे निघणारे पायी भाविक, एवढ्यावरच वर्ष भरून जाते. उणीव आहे ती उत्सवाच्या खाली असलेल्या माहितीची आणि कारागिरीची. गड्ड्यातील काठी कोण पेलतो आणि का, लेझमीचा डाव कोणी बसवला, रथ कोणत्या समाजाने उभारला, हे माहीत असलेली माणसे वयस्क होत चालली आहेत आणि विचारणारे कमी झाले आहेत. आमच्या लेखी नूतनीकरण म्हणजे जे चालू आहे त्याचे कारण समजून घेणे, त्याची नोंद ठेवणे आणि शेजारच्या पेठेतील माणसालाही त्यात येता यावे एवढी वाट मोकळी ठेवणे. त्यासाठी मंडप लागत नाही. वेळ मात्र भरपूर लागतो.

२. सोलापूर नेमके कोणाचे? मराठी माणसांचे, कानडी माणसांचे की तेलुगू माणसांचे?

हा प्रश्न बहुधा बाहेरून येणारा पाहुणा विचारतो, कधीकधी मात्र आपलाच तरुण मुलगा विचारतो. बाराव्या शतकात या गावाचे नाव सोन्नलगी होते आणि येथील सर्वांत थोर पुरुषाची, म्हणजे सिद्धरामेश्वरांची, वचने (छोट्या भक्तिरचना) कन्नडमध्ये आहेत. पुढे बहामनी, निजामशाही आणि आदिलशाही अमलात दक्खनी बोली येथे रुजली, ती आजही बेगम पेठेपासून विजापूर वेशीपर्यंत कानावर पडते. १८७७ मध्ये पहिली कापडगिरणी सुरू झाली, तिला सोलापूरकर आजही ‘जुनी मिल’ म्हणतात. गिरण्यांच्या आणि हातमागांच्या ओढीने तेलंगणातील पद्मशाली विणकर मोठ्या संख्येने येत राहिले आणि पूर्व भागातील पेठांची बोलीच तेलुगू झाली. गुजराती व मारवाडी व्यापारी, जैन कुटुंबे, अमेरिकन मराठी मिशनच्या काळापासून असलेला ख्रिस्ती समाज, हे सारे याच गावठाणाभोवती वसले.

त्यामुळे येथील संस्कृतीचे कोणा एकाच्या नावावर खाते उघडता येत नाही. व्यवहाराची आणि शिक्षणाची मुख्य भाषा मराठी आहे आणि ती तशीच राहावी, असे आमचे स्पष्ट मत आहे. परंतु सोलापूरचा इतिहास केवळ मराठी साधनांवरून लिहायला घेतला, तर पहिली काही शतके कोरीच राहतील.

३. प्रत्येक वेळी सुरुवात सिद्धेश्वरांपासूनच का होते? आम्ही त्या परंपरेतले नाही.

कारण शहराची रचनाच तेथून समजते. बाराव्या शतकातील शिवयोगी सिद्धरामेश्वर, म्हणजेच सिद्धेश्वर, हे बसवेश्वर आणि अल्लमप्रभू यांचे समकालीन. श्रीशैलच्या मल्लिकार्जुनावर त्यांची निष्ठा होती, आणि त्यांच्या वचनांची नाममुद्राही ‘कपिलसिद्ध मल्लिकार्जुन’ अशी आहे. त्यांनी गावाभोवती अडुसष्ट लिंगांची स्थापना केली आणि लोकांच्या श्रमांतून तळे खोदले. आज ज्या तळ्यात मंदिराचे प्रतिबिंब पडते, ते तळे म्हणजे दुष्काळी मुलखातील एका गावाने पाण्यासाठी केलेले सामुदायिक काम आहे. नळाला पाणी कधी येणार यावर ज्या शहराचे वेळापत्रक ठरते, त्या शहराला हे वेगळे समजावून सांगावे लागू नये.

वीरशैव परंपरेत एक प्रसंग सांगितला जातो. अल्लमप्रभू सोन्नलगीला आले, तेव्हा त्यांनी सिद्धरामांना दगडमाती उपसणाऱ्यांचा पुढारी म्हणून डिवचले आणि विचारले, की तळी खोदून आणि देवळे बांधून माणूस मुक्त होतो का? त्या संवादानंतर सिद्धराम कल्याणला (आजचे कर्नाटकातील बसवकल्याण) शरणांच्या, म्हणजे बसवेश्वरांभोवतीच्या शिवभक्तांच्या, मेळ्यात गेले, अशी कथा आहे. आम्हाला हा प्रसंग फार महत्त्वाचा वाटतो, कारण नगरसंस्कृतीविषयीचा खरा वाद त्यात आहे. नुसते बांधकाम पुरत नाही, हे अल्लमांचे म्हणणे बरोबर आहे. पण ते तळे आठशेहून अधिक वर्षे टिकले, हेही नाकारता येत नाही. सुशोभीकरणाचा प्रत्येक प्रस्ताव वाचताना हे दोन्ही मुद्दे समोर ठेवावेत.

४. गड्ड्याच्या यात्रेत पाळणे, खाऊ आणि गर्दी यांपलीकडे काय पाहावे?

पाळण्यांना आमची हरकत नाही. होम मैदानावरचा बाजार हाही यात्रेचाच भाग आहे. परंतु मुख्य विधी भोगी, संक्रांत आणि किंक्रांत यांच्या आगेमागे क्रमाने होतात, आणि तो क्रम ठाऊक असला की यात्रा वेगळीच दिसते.

प्रथम नंदीध्वजांची मिरवणूक बाळीवेशीतील हिरेहब्बू वाड्यापासून निघते आणि अडुसष्ट लिंगांना तेलाचा अभिषेक होतो; त्याला यण्णीमज्जन म्हणतात. बाराबंदी घातलेले भक्त हे नंदीध्वज, म्हणजे उंच काठ्या, कमरेच्या आणि हातांच्या बळावर तोलत शहराला वळसा घालतात. नकाशा घेऊन हा मार्ग एकदा चालून पाहावा, म्हणजे जुन्या सोलापूरची हद्द पायांना कळते. त्यानंतर तळ्याकाठच्या संमती कट्ट्याजवळ अक्षता सोहळा होतो. सिद्धरामांशी विवाहाची इच्छा धरणाऱ्या कुंभारकन्येचा विवाह त्यांच्या योगदंडाशी लावला गेला, या कथेचे ते स्मरण आहे. संमतीचे, म्हणजे या विवाहाच्या मंगलाष्टकांचे, वाचन होते, लाखभर हातांतून अक्षता पडतात आणि ‘एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र’ हा घोष उठतो. पुढे होम मैदानावर होमप्रदीपन आणि वासराची भाकणूक (वासराच्या वागण्यावरून वर्षाचे भाकीत) होते, मग शोभेचे दारूकाम आणि शेवटी कप्पडकळी, म्हणजे नंदीध्वजांची वस्त्रे उतरवण्याचा विधी.

पाहण्यासारखी खरी गोष्ट म्हणजे मानांची वाटणी. नंदीध्वज सात आहेत आणि त्यांचे मान वेगवेगळ्या समाजांकडे आहेत. मातंग समाजाचाही त्यात मान आहे. हा मान म्हणजे केवळ सन्मान नव्हे. काठी सजवणे, ती पेलण्याचा सराव महिनाभर आधी सुरू करणे, उपवास पाळणे, घरातील पुढच्या मुलाला शिकवणे, असे कष्ट त्यात आहेत. एखादी परंपरा शतकानुशतके कशी टिकते याचे उत्तर बहुतेक वेळा भाषणात सापडत नाही, ते अशा वाटून दिलेल्या कामांत सापडते. कोणतीही नवी सांस्कृतिक योजना आखणाऱ्याने आधी या वाटणीचा अभ्यास करावा.

५. मी देव मानत नाही. या सगळ्यात मला जागा आहे का?

आहे. श्रद्धा असणे ही विधी करणाऱ्याची अट आहे, समजून घेणाऱ्याची नाही. मात्र विधीच्या वेळी चपला कोठे काढायच्या, कोठे उभे राहायचे नाही आणि कोणाच्या समोरून जायचे नाही, हे पाळावे लागेल. वाद घालायचा असल्यास तो दुसऱ्या दिवशी, चहाच्या टपरीवर घालावा. सोलापूरकर त्याला नाही म्हणत नाहीत.

६. कुंभारकन्येची कथा खरी आहे का? आणि आजोबा गणपतीचा दावा? आख्यायिका आणि इतिहास वेगळे कसे करायचे?

दोन्ही उदाहरणे वेगळ्या जातीची आहेत, म्हणून उत्तरेही वेगळी आहेत.

कुंभारकन्येच्या कथेला समकालीन पुरावा मागणे व्यर्थ आहे. ती विधीचा अर्थ सांगणारी कथा आहे. एका विरक्त योग्याच्या नावाने गाव दरवर्षी लग्न लावते आणि त्या लग्नात कुंभाराच्या घराला मान मिळतो, यात गावाने आपल्याविषयी काय ठरवले आहे हे दिसते. इतिहासाच्या दृष्टीने तेवढे पुष्कळ आहे. कथा सांगताना ‘परंपरा सांगते’ एवढे दोन शब्द जोडले, की प्रामाणिकपणाही राहतो आणि कोणाचे मनही दुखावत नाही.

आजोबा गणपतीचे तसे नाही. शुक्रवार पेठेतील या गणपतीची सार्वजनिक स्थापना १८८५ मध्ये झाली, म्हणजे पुण्यातील सार्वजनिक गणेशोत्सवाच्या आधी, असे सोलापुरात अभिमानाने सांगितले जाते. लोकमान्य टिळकांनी तो पाहिला आणि त्यातून प्रेरणा घेतली, असेही सांगतात. हा वर्षाचा आणि घटनेचा दावा आहे, म्हणून तो कागदांवर तपासता येतो आणि तपासलाच पाहिजे: त्या काळची वर्तमानपत्रे, नगरपालिकेची दप्तरे, मंडळाचे जुने जमाखर्च, घरोघरी पडलेली पत्रे. पहिला कोण या शर्यतीपेक्षा, एकोणिसाव्या शतकात सोलापूरच्या पेठेतील सामान्य लोकांनी एकत्र येऊन असा उत्सव का सुरू केला, हा प्रश्न आम्हाला अधिक रसाचा वाटतो.

७. चार हुतात्म्यांचा या विषयाशी काय संबंध? तो तर राजकीय इतिहास झाला.

संबंध थेट आहे. मे १९३० मध्ये गांधीजींच्या अटकेनंतर सोलापुरात जो उठाव झाला, त्याने काही दिवस ब्रिटिश प्रशासन जवळजवळ निष्प्रभ केले. १२ मे पासून ३० जूनपर्यंत शहरात मार्शल लॉ होता. पोलिसांच्या हत्येच्या आरोपावरून मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, अब्दुल रसूल कुर्बान हुसेन आणि जगन्नाथ शिंदे यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आली. कुर्बान हुसेन हे ‘गझनफर’ या पत्राचे संपादक होते. चार नावे शेजारी शेजारी वाचली, तरी प्रश्न २ मधील सोलापूर डोळ्यांसमोर येते.

आता दिनदर्शिका पाहावी. १२ जानेवारीला हुतात्मा चौकात अभिवादन होते आणि त्याच आठवड्यात नंदीध्वज निघतात. एकाच गावातील या दोन स्मरणांचे दिवस इतके जवळ असूनही, आमच्या अनुभवात, एकाचा श्रोता दुसरीकडे क्वचित दिसतो. शाळांनी या आठवड्याचा एकत्रित पाठ घ्यावा, असे आम्ही सतत सुचवतो: सकाळी चार पुतळे, दुपारी मार्शल लॉच्या काळातील हुकूम आणि बातम्यांचे वाचन, संध्याकाळी काठ्यांचा सराव. डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचे स्मारकही याच फेरीत जोडता येते. ते १९१० मध्ये सोलापुरात जन्मले, १९३८ मध्ये वैद्यकीय पथकासोबत चीनला गेले आणि १९४२ मध्ये तेथेच वारले.

८. गणेशोत्सवातील डीजेला पर्याय काय? लेझीम आजची मुले खेळतील का?

खेळतात, प्रश्न मुलांचा नाही. सोलापूरची लेझीम हा गणेशोत्सवाचा कणा होता आणि अनेक मंडळांत अजूनही आहे. हलगीच्या ठेक्यावर शेकडो मुले एका वेळी वळतात, बसतात, उठतात, आणि ओळ मोडत नाही. त्यासाठी महिना-दीड महिना रोज रात्री सराव लागतो, आणि सरावाला मैदान, दिवा आणि शिकवणारा लागतो. डीजे मात्र पैसे दिले की एका रात्रीत येतो. म्हणजे तुलना आवाजाची नसून तयारीची आहे. ज्या मंडळाने वर्गणीचा ठरावीक भाग सरावासाठी आणि डाव बसवणाऱ्या जुन्या खेळाडूच्या मानधनासाठी ठेवला, त्याला डीजे बंद करा असे सांगावे लागत नाही. मुलींची पथके वेगळी उभी राहिल्यापासून सरावाची शिस्त वाढली आहे, असे आमचे निरीक्षण आहे.

नियमांविषयी: ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० नुसार रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ध्वनिक्षेपकाला बंदी आहे. सण-उत्सवांसाठी राज्य शासन वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस ही मर्यादा रात्री १२ पर्यंत शिथिल करू शकते. ती सवलत वेळेची असते, आवाजाच्या पातळीची नसते. हा फरक मंडळांच्या बैठकीत स्पष्ट सांगावा.

९. चादर ही कला कशी? ती तर कारखान्यात निघते.

हा प्रश्न विचारणाऱ्याने एकदा जकार्डच्या मागासमोर उभे राहावे. सोलापुरी चादरीची नक्षी वरून छापलेली नसते, ती विणीतच असते. आधी नक्षीकार आलेख-कागदावर चौकटी चौकटी भरून चित्र काढतो. त्या कागदावरून पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना भोके पाडली जातात. पट्ट्या क्रमाने ओवून मागावर चढवल्या, की ज्या ठिकाणी भोक आहे तेथील ताण्याचा धागा उचलला जातो आणि जेथे नाही तेथील खाली राहतो. बाण्याचा धागा त्यातून जातो आणि ओळीओळीने मोर, वेल किंवा मंदिर उमटते. याच तंत्राने भिंतीवर लावायची चित्रे, म्हणजे वॉल हँगिंग, विणली गेली. आता पुष्कळ ठिकाणी पट्ट्यांची जागा संगणकातील फाइलने घेतली आहे, त्यामुळे काम सोपे झाले आणि नक्षीकाराचा हात मात्र दिसेनासा झाला.

सोलापुरी चादर आणि टेरी टॉवेल यांना भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. मानांकन नावाचे रक्षण करते, आलेख-कागदांचे करत नाही. जुने कारखाने बंद होताना हे कागद आणि पट्ट्यांचे गठ्ठे भंगारात जातात. एखाद्या कुटुंबाकडे ते असतील, तर निदान त्यांची छायाचित्रे काढावीत आणि नक्षी कोणी काढली, कोणत्या वर्षी, कशासाठी, हे मागे लिहून ठेवावे. शहराला कलासंग्रहालय हवे असल्यास त्याचे पहिले दालन याच कागदांचे असावे. चित्रकारांना वाईट वाटले तरी हे मत आम्ही बदलणार नाही.

विडीकाम आणि माग यांवर उभ्या असलेल्या पूर्व भागातील तेलुगू भाषक स्त्रियांची बतुकम्मा हीही याच प्रकारची कला आहे. फुलांची रास रचणे आणि तिच्याभोवती फेर धरून गाणे, हे रंगमंचावर आणले की तिचा निम्मा अर्थ जातो, म्हणून ती अंगणातच पाहावी (प्रश्न १३ पाहा).

१०. सोलापूरच्या साहित्य आणि कलेची ओळख कोठून सुरू करावी?

शाहीर राम जोशी यांच्यापासून. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातील हा सोलापूरचा कवी तमाशाच्या फडात गाजला आणि पुढे मोरोपंतांच्या आर्यांवर कीर्तने करू लागला. शृंगारिक लावणी आणि भक्तिपर कीर्तन ही एकाच माणसाची दोन कामे होती, हे आजच्या प्रेक्षकाला सांगितले की तो जरा सावरून बसतो. श्रद्धा आणि कला यांना वेगवेगळ्या सभागृहांत बसवण्याची सवय नंतरची आहे. त्यांच्याच आसपासच्या काळातील शुभराय महाराज हे संत, कवी आणि चित्रकार होते. टिपू सुलतानाच्या सेवेतून विरक्त होऊन ते सोलापुरात आले, असे परंपरा सांगते. शुभराय मठाला भेट देताना पदे ऐकावीत आणि चित्रेही पाहावीत.

विसाव्या शतकात यायचे तर कवी कुंजविहारी, दत्ता हलसगीकर आणि सोलापुरातच जन्मलेले अरण्यलेखक मारुती चितमपल्ली ही नावे घ्यावी लागतात. चितमपल्ली २००६ मध्ये सोलापूरला भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. प्राकृत आणि संस्कृत ग्रंथांच्या चिकित्सक आवृत्त्या काढणारी जीवराज जैन ग्रंथमाला याच शहरातली आहे, हे सोलापूरबाहेरच्या अभ्यासकांना जितके ठाऊक आहे तितके सोलापूरकरांना नाही. नाटकासाठी हुतात्मा स्मृतिमंदिर आहे. तेथे हौशी संघाचा प्रयोग तिकीट काढून पाहावा. पास मागू नये.

११. भुईकोट किल्ल्यात आम्ही कार्यक्रम किंवा स्वच्छता मोहीम घेऊ शकतो का? किल्ल्याजवळ घर आहे, दुरुस्तीचे काय?

किल्ला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणात आहे. त्यामुळे आत कार्यक्रम, चित्रीकरण किंवा झाडे-झुडपे काढण्याची मोहीम पूर्वपरवानगीशिवाय घेता येत नाही. तटाच्या भेगांतील पिंपळ हौसेने उपटला तर त्याच्या मुळांसोबत दगडही निखळतो. ते काम जाणकारांचेच आहे. कचरा उचलणे, मार्गदर्शन करणे यांसाठी लेखी अर्ज करावा.

संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंतचे क्षेत्र प्रतिबंधित असते आणि त्यापुढील २०० मीटर नियंत्रित असते. प्रतिबंधित क्षेत्रात नवे बांधकाम होत नाही. असलेल्या घराची दुरुस्ती परवानगी घेऊन करता येते. नियंत्रित क्षेत्रात बांधकामालाही सक्षम अधिकाऱ्याची परवानगी लागते.

किल्ला दाखवताना फक्त एका राजवटीचे नाव घेऊ नये. बहामनी काळातील ही वास्तू निजामशाही आणि आदिलशाही यांच्यात हात बदलत राहिली, चांदबिबीच्या विवाहात ती आंदण म्हणून दिली गेली आणि मे १८१८ मध्ये ब्रिटिश जनरल मन्रोच्या सैन्याने ती पेशव्यांच्या फौजेकडून घेतली. तटात जुन्या मंदिरांचे कोरीव दगडही बसवलेले दिसतात. ते पाहून कोणी चिडते, कोणी विषय टाळते. दगड दाखवावा, काळ सांगावा, आणि हिशेब आजच्या शेजाऱ्याकडे मागू नये.

१२. आमच्या गावच्या देवळात अक्षरे कोरलेला दगड आहे. काय करावे?

त्यावर तेल, शेंदूर किंवा ऑइलपेंट लावू नका, अक्षरे खडूने किंवा खिळ्याने उजळू नका आणि दगड हलवू नका. सकाळी किंवा संध्याकाळी तिरपा प्रकाश पडतो तेव्हा समोरून, सरळ, शेजारी मोजपट्टी धरून छायाचित्र काढा. दुपारच्या उन्हात अक्षरे दिसत नाहीत. गाव, देऊळ आणि देवळातील नेमकी जागा लिहा, आणि विद्यापीठातील इतिहास विभागाशी किंवा पुरातत्त्व खात्याशी संपर्क साधा.

हे काम क्षुल्लक समजू नये. दक्षिण सोलापूर तालुक्यात भीमा आणि सीना यांच्या संगमावरील हत्तरसंग-कुडल येथे संगमेश्वर मंदिरात शके ९४०, म्हणजे इ.स. १०१८ चा लेख आहे, आणि मराठीतील आरंभीच्या लेखांत त्याची गणना होते. तो प्रकाशात आणण्याचे श्रेय आनंद कुंभार यांचे. नोकरी सांभाळून, स्वतः लिपी शिकून त्यांनी जिल्ह्यातील कितीतरी शिलालेख शोधले आणि वाचले.

१३. दुसऱ्या समाजाच्या उत्सवाला न बोलावता गेले तर चालते का?

मिरवणूक रस्त्यावर आहे तोपर्यंत ती सर्वांची आहे. मार्कंडेयाचा रथ, मोहरमचे पंजे, शाह जहूर यांचा दर्गा, येथे वेगवेगळ्या धर्मांची माणसे पूर्वीपासून जात आली आहेत आणि नवसही बोलत आली आहेत. घराच्या अंगणात किंवा प्रार्थनास्थळाच्या आत जायचे असेल तर ओळखीच्या माणसाला आधी विचारावे. विचारणे कमीपणाचे नाही. उलट अण्णा, अक्का किंवा चाचा म्हणून विचारले की बहुधा जेवूनच यावे लागते.

एक मर्यादा मात्र सांगतो. मोहरम हा अनेकांसाठी शोकाचा काळ आहे, त्याला ‘शुभेच्छा’ देऊ नयेत. गुड फ्रायडेचेही तसेच.

१४. विधीचे चित्रीकरण करून ठेवावे असे आम्हाला वाटते, पण घरातील वडीलधारे नको म्हणतात. नोंद झाली नाही तर सारे नष्ट होईल ना?

कदाचित होईल. तरीही चोरून चित्रीकरण करू नये. ज्यांचा विधी आहे त्यांनी तो आपल्यापुरता ठेवायचे ठरवले असेल, तर ती त्यांची संस्कृती आहे, आपले साहित्य नाही. मात्र नकाराचे कारण शांतपणे विचारावे. कधी आक्षेप कॅमेऱ्याला असतो, लिहून घेण्याला नसतो. कधी विधी दाखवायचा नसतो, पण गाणी म्हणून दाखवायला हरकत नसते. कधी पूर्वी कोणी चित्रीकरण नेऊन विपर्यस्त वापरलेले असते. लेखी करार करून, नोंदीची प्रत घरातच ठेवून आणि प्रसिद्धी त्यांच्या संमतीनेच होईल असे मान्य करून पुष्कळदा मार्ग निघतो. निघाला नाही, तर परत यावे.

याला अपवाद एकच. विधीच्या नावाखाली कोणावर अन्याय किंवा हिंसा होत असेल, तर तो संस्कृतीचा प्रश्न राहत नाही, कायद्याचा होतो.

१५. माहितीफलक कोणत्या भाषेत असावेत?

मराठी आधी. त्याखाली त्या जागेच्या इतिहासाची भाषा: तळ्याकाठी कन्नड, पूर्व भागात तेलुगू, दर्ग्याजवळ उर्दू. इंग्रजी शेवटी, जागा उरल्यास.

१६. मी पुण्यात नोकरी करतो आणि संक्रांतीला चार दिवस सोलापूरला येतो. माझ्याकडून काय होऊ शकेल?

पुष्कळ. घरातील सर्वांत वयस्क व्यक्तीजवळ तास-दोन तास बसून त्यांचे बोलणे ध्वनिमुद्रित करावे. ‘पूर्वीचे सोलापूर कसे होते’ असा मोघम प्रश्न विचारू नये. गिरणीचा भोंगा किती वाजता व्हायचा, कोणत्या पाळीला कोण जायचे, पगाराच्या दिवशी घरात काय यायचे, लग्नात कोणती गाणी कोणत्या भाषेत म्हटली जायची, असे नेमके विचारावे. सुरुवातीला तारीख, ठिकाण आणि बोलणाऱ्याचे नाव त्यांच्याच आवाजात घ्यावे. ते मध्येच कन्नडमध्ये किंवा तेलुगूत गेले तर थांबवू नये, कारण बहुतेक वेळा महत्त्वाचे तेव्हाच सांगितले जाते.

जुना वाडा विकायचा ठरला असेल, तर सह्या होण्याआधी दरवाजा, तुळया, देवघर, कोनाडे आणि अंगण यांची छायाचित्रे व मापे घ्यावीत. गिरणीचे हजेरीपत्रक, मंडळाच्या वर्गणीच्या पावत्या, नाटकाच्या जाहिराती, लग्नपत्रिका हे सारे जपण्यासारखे आहे. कागद लॅमिनेट करू नयेत, त्यांना चिकटपट्टी लावू नये आणि लोखंडी टाचण्या काढून टाकाव्यात; आम्लरहित कागदाच्या पाकिटात, ओल नसलेल्या कपाटात ते ठेवावेत. सोलापूरच्या उन्हाळ्यात माळ्यावर ठेवलेला कागद काही वर्षांतच ठिसूळ होतो, म्हणून पेटी आधी खाली उतरवावी.